टाके नसलेलं ऑपरेशन

आमच्या भागात ऑपरेशननंतर दवाखान्यात परत जाण्याला एकच नाव आहे, टाके काढायला जाणं. अपेंडिक्स असो, हर्निया असो नाहीतर सिझेरियन, आठव्या-दहाव्या दिवशी माणूस टाके काढायला येतोच. एसटी चुकली तर शेजाऱ्याची मोटारसायकल मागून येतो. टाका अंगात राहिला तर पिकेल, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. सायनसच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनला मात्र बाहेर टाका नसतो. चेहऱ्यावर व्रण नाही, पट्टी नाही, भेटायला आलेल्या पाहुण्याला दाखवावं असं काहीच नाही. मग परत यायचं कशासाठी?

मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. सायनसच्या ऑपरेशननंतर तपासणीला न येणाऱ्या रुग्णाला आम्ही डॉक्टर मंडळी निष्काळजी म्हणून मोकळे होतो. ते आता थांबवलं पाहिजे, असं माझं ठाम मत झालं आहे. त्याने परत येऊच नये अशी आपली सगळी मांडणी आहे. पॅकेज तसं, तारखा तशा, डिस्चार्ज कार्डावरची भाषा तशी. ही मांडणी दवाखान्याने आणि सरकारने केलेली आहे, तेव्हा बदलायचीही त्यांनीच.

आधी नाकात काय होतं ते सांगतो. ऑपरेशननंतर रक्त थांबावं म्हणून बऱ्याचदा नाकात पॅक भरतात. एक-दोन दिवसांनी तो काढतात. रुग्ण खुर्चीचा हात घट्ट धरून बसतो, डोळ्यांतून घळाघळा पाणी येतं, सिस्टर हनुवटीखाली ट्रे धरते आणि पॅकची पट्टी बाहेर येतच राहते. थोडं रक्त पडतं. मग तो दोन्ही नाकपुड्यांनी श्वास घेतो. किती वर्षांनी घेतला असेल कुणास ठाऊक. तोंड उघडं टाकून झोपायची सवय लागलेला माणूस तोंड मिटून बसतो आणि म्हणतो, ‘‘साहेब, मोकळं झालं बघा.’’ बायको पदराने डोळे पुसते. त्याच्या लेखी आजार तिथेच संपलेला असतो. आम्हीही त्याच्या आनंदात ‘झालं आता’ असं बोलून जातो, आणि तो शब्द त्याच्या मनात पक्का बसतो.

सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्या. ऑपरेशननंतरच्या आठवड्यात नाकात आणि त्या पोकळ्यांत रक्ताच्या आणि शेंबडाच्या खपल्या धरतात. नाकाच्या आतलं अस्तर ठिकठिकाणी सोललेलं असतं. दोन सोललेल्या बाजू समोरासमोर आल्या आणि मध्ये खपली साचली, की त्या एकमेकींना चिकटतात. नाकात आत लोंबणारी मधली घडी बाजूच्या भिंतीला चिकटली, तर आम्ही तासभर खपून उघडलेली सायनसची दारं पुन्हा बंद होतात. म्हणून खपल्या दुर्बिणीतून बघून चिमट्याने आणि सक्शनने काढायच्या, मिठाच्या पाण्याने नाक रोज धुवायचं, आणि नाकात मऊ कोंब, म्हणजे पॉलिप, वाढलेले असतील तर स्टिरॉइडचा फवारा महिनोन्महिने मारायचा. अस्तर नीट भरून यायला सहा ते बारा आठवडे सहज जातात. कोंबाच्या आजारात तर त्यानंतरही नजर ठेवावी लागते, कारण कोंब परत येतात. आणि परत यायला लागलेला कोंब दुर्बिणीत आधी दिसतो, रुग्णाला त्याचा त्रास नंतर होतो. बरं वाटत असतानाच तपासून घ्यायचं, असा हा मामला आहे. तो कुणालाही पटायला जडच.

ज्यांच्या घरात जुनी माणसं आहेत त्यांना ओठाखालून केलेलं सायनसचं ऑपरेशन आठवत असेल. वरच्या ओठाच्या आत छेद घेऊन गालाच्या हाडाला खिडकी पाडत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत काल्डवेल आणि फ्रान्समध्ये ल्यूक यांनी वेगवेगळी मांडलेली ही पद्धत पुढे कित्येक दशकं चालली. घाण खाली वाहून जावी म्हणून सायनसच्या तळाजवळ नाकात भोक पाडायचं, असा त्यामागचा साधा हिशोब होता. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेसरक्लिंगर यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिलं की तो हिशोब शरीराला मान्य नाही. सायनसच्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी लव असते. ती अखंड हलत असते आणि स्राव वर चढवून सायनसच्या मूळच्या दाराकडेच नेते. खाली कितीही मोठं भोक पाडा, स्राव त्याला वळसा घालून मूळ दाराकडे जातो. म्हणून आजचं दुर्बिणीचं ऑपरेशन ते मूळ दार मोकळं करतं आणि बाकीचं काम लवेवर सोपवतं. 1985 च्या सुमारास अमेरिकेत केनेडी यांनी या पद्धतीला नाव दिलं, त्या नावातच नाकाचं ‘कार्य’ परत आणणं हा अर्थ आहे. हे सगळं सांगण्याचं कारण एवढंच, की टेबलावर आम्ही फक्त दार उघडतो. लव पुन्हा हलायला लागेपर्यंत ते दार उघडं राखणं हा ऑपरेशनचाच भाग आहे, आणि तो ओपीडीत होतो. तो भाग झाला नाही तर ऑपरेशन अर्धवट राहिलं, असंच म्हटलं पाहिजे.

आता एक रुग्ण सांगतो. पस्तिशीचा ऊसतोड कामगार. दोन्ही नाकपुड्यांत कोंब आणि आत बुरशीच्या अ‍ॅलर्जीचा सायनस. आपल्या देशात हा प्रकार पुष्कळ दिसतो. सायनसमधून निघतो तो माल तूप कढवल्यावर भांड्याच्या तळाला राहणाऱ्या बेरीसारखा असतो, तपकिरी, चिकट, खरवडून काढावा लागेल असा. सप्टेंबरात त्याचं ऑपरेशन झालं, जन आरोग्य योजनेतून, खिशातला पैसा न लागता. पहिल्या आठवड्यात तो आला. दुसरी तारीख ऑक्टोबरच्या शेवटी होती, तेव्हा आला नाही. केसपेपरवर मी माझ्या हाताने लिहिलं, ‘लॉस्ट टू फॉलोअप, पेशंट निष्काळजी.’

तो उगवला मे महिन्यात. उजवा डोळा किंचित पुढे आलेला. बायकोच्या लक्षात आलं होतं, त्याच्या नाही. दुर्बीण घातली तर मधली घडी भिंतीला घट्ट चिकटलेली, तिच्या मागे कोंब आणि तीच बेरी. भरलेला सायनस डोळ्याच्या खोबणीवर रेटत होता. मला राग आला. ‘‘तुम्हाला तारीख दिली होती ना?’’ मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. तो खाली बघत म्हणाला, ‘‘दिली होती साहेब. पण खाडा पडला असता.’’

खाडा म्हणजे काय, हे ऊसतोडीच्या पट्ट्यात लहान पोरालाही कळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली. फडावर गेल्यावर जोडीतलं एक माणूस एक दिवस जरी बसलं, तरी खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर दंड उचलीत चढतो. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून लाखो माणसं दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्यात परततात. मी दिलेली तारीख त्याच्या फडापासून शेकडो किलोमीटर लांब होती. दोन दिवस जाण्या-येण्याचे, म्हणजे दोन खाडे, दोघांचं भाडं, आणि कशासाठी, तर नाक चांगलं चालू असताना ते दाखवण्यासाठी. त्याच्या जागी मी असतो तरी गेलो नसतो.

केसपेपरवरचा मोबाइल नंबर त्याच्या पुतण्याचा होता. पुतण्या पुण्यात कंपनीत. त्या नंबरावर आमच्या दवाखान्यातून सात-आठ महिन्यांत एकदाही फोन गेला नव्हता. ‘हरवला’ असं मी ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला शोधायला कुणी गेलंच नव्हतं. त्या दिवसानंतर मी केसपेपरवर ‘निष्काळजी’ हा शब्द लिहायचा सोडला.

काही माणसं खरोखर बेफिकीर असतात, हे मी नाकारत नाही. तंबाखूचा बार भरून दुर्बिणीसाठी बसणारेही भेटतात. पण एखाद्या ठिकाणी एकामागून एक रुग्ण यायचे थांबत असतील, तर प्रत्येकाच्या स्वभावात खोट शोधण्याआधी आपण त्यांच्यासमोर काय ठेवलं आहे ते बघितलं पाहिजे.

पैशापासून बघू. 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढच्या वर्षी ती राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. या योजनेचं मोल मला कमी लेखायचं नाही. माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी गरिबांची ऑपरेशनं या योजनेशिवाय झालीच नसती. पण तिच्या पॅकेजची आखणी पाहा. दाखल झाल्यापासून डिस्चार्जपर्यंतचा खर्च, आणि त्यानंतरचे 10 दिवस. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत हेच 15 दिवस आहेत. हर्नियाला 10 दिवस पुरतात, टाके निघालेले असतात. सायनसला दहाव्या दिवशी खपल्या ऐन भरात असतात. ज्या सहा ते बारा आठवड्यांत ऑपरेशनचं भवितव्य ठरतं, त्यांतला पहिला दीड आठवडा सोडला तर बाकीचा काळ योजनेच्या हिशोबातच नाही. फवारा, नाक धुवायचं सामान, दुर्बिणीची तपासणी, सगळं रुग्णाच्या खिशातून. फवाऱ्याची एक बाटली दोन-तीनशे रुपयांच्या घरात जाते आणि ती महिना-दीड महिन्यात संपते. ऑपरेशनला हजारो रुपये देणारं सरकार ते टिकवायला लागणाऱ्या शेकड्यापाशी हात आखडतं. मग डोळा पुढे आला की त्याच माणसाच्या दुसऱ्या ऑपरेशनला तीच योजना पुन्हा हजारो रुपये देते, आणि तेव्हा मात्र कुणी हरकत घेत नाही.

परतीच्या भाड्याचंही तसंच. योजनेच्या मूळ आखणीत रुग्णाला दवाखान्यातून घरी जाण्यासाठी एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं एकदा देण्याची तरतूद होती. ज्याने ती लिहिली त्याला गरिबाच्या खिशाची जाण होती, हे नक्की. पण घरून पुन्हा दवाखान्यात येण्याचं भाडं कुणाच्या मनात आलं नाही. 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना एसटी मोफत आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्याने थोडा फरक पडतो. तरी बाईला सोबत लागते आणि सोबत्याचं तिकीट पूर्ण असतं. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आम्ही विसरतो. ऑपरेशन पुष्कळदा माहेरी असताना होतं, भाऊ किंवा वडील घेऊन येतात. पंधरा दिवसांनी ती सासरी जाते, ते कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात. आमची तारीख माहेरच्या गावाला धरून दिलेली असते. सासरी जाऊन ‘नाक धुवायला कोमट पाणी पाहिजे, आणि दोन आठवड्यांनी मला पुन्हा तिकडे जायचंय’ हे सून म्हणून सांगायचं, याला काय लागतं ते तिलाच माहीत.

भाषेबद्दल तर आम्ही डॉक्टरांनी मान खाली घातली पाहिजे. आमच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, ‘रिव्ह्यू 1/52’, तेही इंग्रजीत. त्याचा अर्थ एका आठवड्याने दाखवा. सहा आठवड्यांसाठी 6/52. बावन्न आठवड्यांच्या वर्षातला एक, ही आमच्या शिक्षणातली खूण. एका आजोबांनी मला ते कार्ड दाखवून विचारलं होतं की हा बावन्न नंबरचा केस माझा आहे का. त्यांना पुढचं काहीच कळलं नव्हतं आणि कळावं असं त्यात काही लिहिलेलंही नव्हतं. खाली ‘एस.ओ.एस.’ म्हणजे गरज पडल्यास, असं लिहून आम्ही सुटतो. रुग्णाला त्याचा अर्थ असा लागतो की त्रास झाला तरच यायचं. आणि सायनसमध्ये त्रास व्हायची वाट बघणं हीच चूक.

स्टिरॉइड या शब्दाची भीती, नाक धुण्याचा संकोच, हेही याच खात्यात जातं. आपल्याकडे जलनेती परंपरेने माहीत आहे, त्यामुळे नाकातून पाणी काढणं ही कल्पना तशी परकी नाही. मी रुग्णांना सुई काढलेली 20 मिलीची सिरिंज देतो आणि माझ्यासमोर एकदा धुवायला लावतो. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच घ्यायचं, हे दोनदा बजावतो. केरळात 2024 आणि 2025 मध्ये नाकावाटे मेंदूत जाणाऱ्या अमिबाने माणसं दगावली, तेव्हा विहिरीचं किंवा टाकीचं कच्चं पाणी नाकात घालण्याचा धोका थोडा असला तरी पत्करायचा नाही. ही पाच मिनिटं डिस्चार्जच्या वेळी कुणी देत नाही, कारण खाट रिकामी करायची घाई असते.

खासगी दवाखान्यातलं चित्र फार वेगळं आहे असं कुणी समजू नये. तिथे दर वेळी दुर्बिणीचे वेगळे पैसे लागतात. नाक मोकळं असलेला माणूस दोन-तीन हजार देऊन आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून खपल्या काढून घ्यायला येत नाही, मग तो पुण्यात आयटीत असला तरी. माझ्या व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की पहिल्या तीन तपासण्या ऑपरेशनच्या फीमध्येच धरा आणि ते आधीच सांगा. पैसे भरलेले असले की माणूस वसूल करायला तरी येतो. मेडिक्लेम असलेल्यांनीही आपली पॉलिसी एकदा वाचावी. बऱ्याच पॉलिसींमध्ये डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांचा त्याच आजारावरचा खर्च मागता येतो. दुर्बिणीचं बिल आणि फवाऱ्याची पावती त्यात बसू शकते. लोक ती कचऱ्यात टाकतात.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावा लागतो, कारण तो आमच्याच लोकांचा आहे. ऑपरेशननंतर वारंवार खपल्या काढण्याने खरंच फायदा होतो का? 2018 मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या संस्थेने उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा पुरावा तोकडा आणि कच्चा निघाला. खपल्या काढल्याने चिकटण्याचं प्रमाण कमी होत असावं, पण रुग्णाच्या त्रासात किती फरक पडतो ते ठामपणे सांगता आलं नाही. यावरून काही जण म्हणतात की मग लोक येत नाहीत तेच बरं, आपण उगाच बाऊ करतो.

मला यातून वेगळी गोष्ट दिसते. आम्ही सगळ्यांना सरसकट पाच-पाच तारखा देतो, ते चूक आहे. एका बाजूच्या एकट्या कोंबाला, साध्या अडलेल्या सायनसला एक-दोन तपासण्या पुरतात, बाकी नाक धुणं घरी चालतं. त्या माणसाला पाच वेळा बोलावून आम्ही त्याचा विश्वास घालवतो. तिसऱ्या खेपेला दोन तास बसवून ‘छान आहे, या’ एवढंच ऐकवलं, तर चौथ्या खेपेला तो का येईल? याउलट बुरशीचा सायनस, दम्याबरोबरचे कोंब, मधुमेह असलेला रुग्ण, यांना सोडून चालणारच नाही. कमी तारखा द्याव्यात, नेमक्या माणसांना द्याव्यात, आणि त्या चुकल्या तर माणसामागे जावं. गर्दीच्या ओपीडीत सगळ्यांना सारखं ‘महिन्याने या’ म्हणणं सोपं पडतं, निवड करायला डोकं आणि वेळ लागतो.

माणसामागे जाणं आपल्या यंत्रणेला जमत नाही, असं कुणी म्हणू नये. क्षयरोगाच्या कार्यक्रमात गोळ्या चुकवणाऱ्याच्या घरी माणूस जातो. 2018 पासून निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाच्या खात्यात दरमहा 500 रुपये येत होते, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. सहा महिने उपचार टिकवायचे असतील तर रुग्णाच्या पोटाचा विचार करावा लागतो, हे सरकारने तिथे मान्य केलेलं आहे.

आणि आमच्याच खात्यातला दाखला 2021 चा आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले. महाराष्ट्र तेव्हा सर्वाधिक रुग्ण असलेल्या राज्यांत होता. त्या मे महिन्यात हा आजार नोंदवणं केंद्राने राज्यांना बंधनकारक करायला सांगितलं, राज्याने त्याचा उपचार जन आरोग्य योजनेत घेतला. ऑपरेशनंही तीच, सायनसची, दुर्बिणीची. पण त्या रुग्णांपैकी कोण कुठे आहे, हे आम्हाला माहीत होतं. अ‍ॅम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या इंजेक्शनच्या कुप्या जिल्ह्यातून मोजून यायच्या, म्हणून प्रत्येक नावाची यादी होती. पुढे पोसाकोनाझोलच्या गोळ्या चालू असताना तपासणीला न आलेल्याला संध्याकाळपर्यंत फोन जायचा. साखर किती, नाकातून काळं येतं का, डोळा कसा आहे, हे सिस्टर फोनवर विचारायच्या. त्यातही माणसं गेली, ते दुःख आहेच. पण तपासणीला लोक येत होते, कारण आम्ही त्यांना बोलावत होतो. साथ ओसरली आणि ती वही कपाटात गेली. वही तीच, फोन तोच, सिस्टर त्याच. आता फोन कुणाला करायचा याची यादीच कुणी करत नाही.

मला ती वही परत हवी आहे. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. दाखल होताना रेशन कार्ड, आधार, फोटो, सगळं तो नीट करून घेतो, कारण त्याशिवाय क्लेम मंजूर होत नाही. त्याच आरोग्यमित्राच्या कामात सहाव्या आठवड्याचा फोन घाला. रुग्णाचा स्वतःचा नंबर, शिवाय सतत घरी असणाऱ्या माणसाचा एक, असे दोन नंबर घ्या. आठवणीचा साधा मेसेज पाठवला तरी तारखेला येणारांचं प्रमाण वाढतं, हे जगभरच्या अभ्यासांत दिसलेलं आहे. आशाताईंच्या डोक्यावर हे काम टाकावं असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे आधीच नको तितक्या वह्या आहेत.

पॅकेजच्या बाबतीत माझी मागणी अशी की सायनसच्या जोखमीच्या ऑपरेशनांना तीन महिन्यांचं वेगळं फॉलोअप पॅकेज द्यावं. दुर्बिणीच्या दोन-तीन तपासण्या, फवारा, नाक धुवायचं सामान आणि येण्या-जाण्याचं भाडं त्यात असावं. कल्पना सरकारला नवी नाही. 2012 च्या मूळ योजनेत 971 उपचारांबरोबर 121 फॉलोअप पॅकेजेस होती, म्हणजे काही आजारांना डिस्चार्ज हा शेवट नसतो हे तेव्हाच मान्य झालं होतं. काही जण सुचवतात की ऑपरेशनच्या रकमेतला काही भाग राखून ठेवावा आणि रुग्ण सहाव्या आठवड्यात आला तरच दवाखान्याला द्यावा. मला ते धोक्याचं वाटतं. तसं केलं तर दवाखाने लांबच्या वाडी-तांड्यावरच्या माणसाला आधीच नाही म्हणतील, किंवा फोटोपुरतं बोलावून शिक्का मारतील. कापून घेऊ नका, केलेल्या कामाचे वरून द्या.

आणि काही गोष्टींना तर पैसाही लागत नाही. तारीख रुग्णाला विचारून द्यावी. आमच्या ओपीडीचा वार आणि त्याच्या तालुक्याच्या आठवडी बाजाराचा वार जुळवला, की तो भाजीची पाटी विकून येताना नाक दाखवून जातो. मी हे करून पाहिलंय आणि माझ्याकडे ते चालतं. कार्डावर 1/52 ऐवजी ‘मंगळवार, बाजाराच्या दिवशी, सकाळी दहा वाजता, खपल्या काढायला’ असं मराठीत लिहावं. ‘खपल्या काढायला’ हे मी मुद्दाम लिहितो. ‘दाखवायला या’ म्हटलं की माणूस विचार करतो, दाखवायचं काय. काढायचं काहीतरी आत राहिलंय म्हटलं, की तो टाक्यासारखं मनावर घेतो. आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांची ऑपरेशनं, डोळ्याला किंवा मेंदूला धोका नसेल तर, हंगामाच्या तोंडावर ठेवूच नयेत. सप्टेंबरात ऑपरेशन म्हणजे सहावा आठवडा थेट फडात. एप्रिल-मेमध्ये केलं तर पावसाळाभर माणूस गावात असतो. हे मला सुचायला एका माणसाचा डोळा पुढे यावा लागला, याची खंत आहे.

त्याचं दुसरं ऑपरेशन आम्ही जूनमध्ये केलं. डोळा मागे गेला, नजर शाबूत आहे. पेरणीच्या दिवसांतही तो तीनदा आला, तिन्ही वेळा बाजाराच्या वारी. तिसऱ्या खेपेला बायको सोबत होती. सिरिंज तिनेच पदरात गुंडाळून आणली होती, आणि मीठ किती घालायचं ते तिने मला विचारलं नाही, मलाच सांगितलं. पुढची तपासणी नोव्हेंबरात आहे, तेव्हा ते फडावर असतील. कारखान्याजवळच्या गावात एक नाकाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याशी मी फोनवर बोललो आहे. त्यांच्या नावाची चिठ्ठी केसपेपरला टाचली, आणि दुसरी मुकादमाच्या नावाने लिहिली, की या माणसाला अर्धा दिवस दवाखान्यात जाऊ द्यावं. ती हातात घेऊन तो दारात थांबला आणि म्हणाला, ‘‘साहेब, याच्यावर शिक्का मारून द्या. बिगरशिक्क्याची चिठ्ठी तो धरायचा नाही.’’ मी शिक्का मारून दिला.